दोष कोणाचा?



जन्मांध माणसाची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. तीन वर्षांतून एकदा, उपवासकाळातील चौथ्या रविवारी, ती आपण मिस्सामध्ये ऐकतो. रस्त्याच्या कडेला बसलेल्या त्या माणसाला पाहून शिष्यांच्या मनात मदतीचा विचार येत नाही. ते चौकशी करतात : पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभू येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाकडे वळतो.

दोन हजार वर्षे झाली तरी तो प्रश्न आपल्या वाशीम जिल्ह्यातून गेलेला नाही. तो बाजारात विचारला जातो, एस.टी. स्टँडवर विचारला जातो आणि खरे सांगायचे तर आपल्या चर्चच्या पायऱ्यांवरही विचारला जातो. एखादे लेकरू उशिरा बोलू लागले, शाळेत मागे पडले, नजरेला नजर देईना, की आधी त्याच्या आईकडे बोट जाते.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्यासमोर नव्या रूपात आला, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत. संबंधित कुटुंबाने लिहिण्याची परवानगी दिली आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील आम्ही गाळले आहेत.

एका घरातील गोष्ट

घर शेतीवर जगणारे. मोठा मुलगा चौदा वर्षांचा. चेहरा लांबट, कान मोठे, स्वभाव लाजाळू आणि प्रेमळ. एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा बोलतो. आनंद झाला की दोन्ही हात फडफडवतो. मिस्सामध्ये घंटी वाजली की कान झाकून घेतो. पण आमच्या मोटरसायकलचा आवाज मात्र गावाच्या वळणावरूनच ओळखतो. चौथीच्या पुढे त्याची शाळा सरकली नाही.

काही वर्षांपूर्वी त्याच्या आईने आम्हाला सरळ विचारले होते, "फादर, खरं सांगा, हे माह्या पापाचं फळ व्हय काय?" आम्ही म्हणालो, "नाही बाई, ही देवाची इच्छा. स्वीकार करा." तिने पदराने डोळे पुसले आणि त्या विषयावर पुन्हा आमच्याशी बोलली नाही. तिचे समाधान झाले, असे आम्ही धरून चाललो.

गेल्या वर्षी सोयाबीनची काढणी आटोपल्यावर आपल्याच जिल्ह्यातील एक तरुणी आमच्याकडे आली. ती बाहेरगावी पीएच.डी. करते. वंशपरंपरेने येणाऱ्या बौद्धिक अपंगत्वाचे, म्हणजे ज्याला पूर्वी सरसकट मतिमंदत्व म्हणत त्याचे, रेणूंच्या पातळीवरील कारण शोधणे हा तिच्या प्रबंधाचा विषय. 'फ्रॅजाइल एक्स' नावाचा विकार असलेल्या कुटुंबांचा ती अभ्यास करते. मुलाचे वर्णन ऐकून तिने त्या घरी जाण्याची इच्छा दाखवली. आम्ही तिला घेऊन गेलो.

तिथे आम्ही एक गोष्ट पाहिली, ती आधी सांगतो. आईवडिलांना तिने सर्व समजावले, त्यांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. कायद्याने तेवढे पुरेसे होते. पण ती मुलासमोर जमिनीवर बसली, त्याला सुई दाखवली आणि विचारले, "थोडं रक्त देशील का?" मुलाने हात मागे घेतला. तिने पेटी बंद केली आणि आम्ही चहा पिऊन परतलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मुलाने स्वतःच हात पुढे केला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मानवी प्रतिष्ठेवर आम्ही बरेच ऐकले आणि लिहिले आहे. त्या बंद केलेल्या पेटीत ते सारे सामावले होते.

काही आठवड्यांनी अहवाल आला. तिच्या सांगण्यावरून तो दुसरीकडेही तपासून घेतला. शंका खरी ठरली.

तीन अक्षरांची गोष्ट

कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढून तिने जे समजावले, ते आम्हाला जसे कळले तसे सांगतो.

आपल्या शरीराच्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. शरीर कसे घडवायचे याच्या सूचना त्यांवर चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेल्या असतात. एक्स नावाच्या गुणसूत्राच्या टोकाजवळ एफएमआर-१ हे जनुक आहे. त्याच्या सुरुवातीला सी-जी-जी ही तीन अक्षरे ओळीने पुन्हा पुन्हा येतात. सामान्यतः ही आवर्तने ४४ पर्यंत असतात. ती ५५ ते २०० असली तर माणूस बहुधा निरोगी दिसतो, पण वाहक असतो. २०० च्या पुढे गेली की ते जनुक मुके होते आणि त्याच्या सूचनेवरून बनणारे प्रथिन बनत नाही. या प्रथिनाचे काम काय? मेंदूच्या पेशी जिथे एकमेकींना भेटतात, तिथे इतर प्रथिनांच्या निर्मितीला वेळच्या वेळी आवर घालणे. पाटाचे पाणी वळवायला माणूस नसला की ते वाट फुटेल तिकडे धावते, तसे काहीसे मेंदूत होते. म्हणून त्या मुलाला घंटीचा आवाज असह्य होतो.

आईकडून मुलाकडे जाताना ही आवर्तने वाढू शकतात. म्हणूनच हा विकार पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो आणि अचानक वर येतो. लंडनमध्ये १९४३ साली मार्टिन आणि बेल या डॉक्टरांनी एकाच कुटुंबातील अशा अकरा पुरुषांची नोंद केली होती. १९६९ साली हर्बर्ट लब्ज यांना सूक्ष्मदर्शकाखाली एक्स गुणसूत्राच्या टोकाशी तुटल्यासारखी जागा दिसली. त्यावरून 'फ्रॅजाइल', म्हणजे नाजूक, हे नाव आले. १९९१ साली प्रत्यक्ष जनुक सापडले. एका शब्दाच्या कारणासाठी अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

मग त्या तरुणीने आईला विचारले, "तुमच्या वडिलांची तब्येत कशी होती?" आई म्हणाली, म्हातारपणी त्यांचे हात थरथरत, चालताना तोल जाई. लोक म्हणत, दारूने झाले. ते तर थेंबाला शिवत नसत! तरुणी काही क्षण गप्प राहिली. वाहक पुरुषांना उतारवयात असा कंप होऊ शकतो, हे शास्त्राला २००१ साली उमगले. म्हणजे ती आवर्तने बहुधा या आजोबांकडून आली होती. वाहक पुरुषाकडून ती मुलग्यांकडे जात नाहीत, पण प्रत्येक मुलीकडे जातात.

दारूड्या म्हणून बदनाम झालेल्या एका सरळ माणसाचे नाव त्याच्या मृत्यूनंतर स्वच्छ झाले. आई रडली. पण कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. त्या म्हणाल्या, "म्हंजे दोष हिच्या माहेरचाच ना! मी तर पयल्यापासून म्हनत होती."

एका शब्दाचे दोन अर्थ

इथे थांबून विचार करू या. सासूबाईंवर रागावणे सोपे आहे, पण घोटाळा त्यांनी एकट्यांनी केलेला नाही. तो आपल्या भाषेत बसलेला आहे. यंत्रात दोष असतो, दृष्टीत दोष असतो; तिथे दोष म्हणजे उणीव. दोष दिला जातो, कोर्टातून निर्दोष सुटका होते. तिथे दोष म्हणजे अपराध. शास्त्रज्ञ 'जनुकीय दोष' म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला अर्थ असतो. प्रयोगशाळेतून चुलीपर्यंत येईस्तोवर त्याचा दुसरा अर्थ होतो.

म्हणून विज्ञान आले की अंधश्रद्धा आपोआप जाईल, हे म्हणणे पुरेसे नाही. बोट दाखवण्याची सवय तशीच राहिली, तर विज्ञान त्या बोटाला अधिक नेमके करते. काल म्हणत होते, कुणाचे तरी पाप. आज म्हणतील, हिच्याच वडिलांचे गुणसूत्र.

दुसऱ्या बाजूने, "बाई, तुमचा याच्याशी काहीच संबंध नाही" असे सांगणेही खरे नाही. संबंध आहे. त्या आईकडूनच ती आवर्तने मुलाकडे गेली. खोट्या सांत्वनावर माणसाचे मन फार काळ उभे राहत नाही. नीतिशास्त्र इथे उपयोगी पडते. कारण असणे वेगळे आणि अपराधी असणे वेगळे. आपल्या धर्मशिक्षणात लहान मुलांनाही शिकवतात की, जाणीव आणि संमती असल्याशिवाय पाप घडत नाही. त्या आईने ती अक्षरे पाहिली नव्हती, मोजली नव्हती, निवडली नव्हती. तिच्याकडे दोन एक्स होते; त्यांतला कोणता मुलाला जावा, हे तिच्या हाती नव्हते. तिच्या वडिलांच्याही नव्हते.

आम्ही हे जमेल तसे सांगितले. तिने मात्र ते आमच्यापेक्षा थोडक्यात मांडले : "माह्याकडून आलं, पण म्या देल्लं नाही."

अशीच गोष्ट दूर दक्षिण अमेरिकेत, कोलंबिया देशातील रिकाउर्ते या खेड्याची आहे. तिथे बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आढळत. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी जादूटोण्याला. अखेर कोलंबियातीलच डॉक्टर विल्मार साल्दार्रियागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी तपासणी केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार गावातील सुमारे पाच टक्के पुरुषांत फ्रॅजाइल एक्स आहे. अन्यत्र हे प्रमाण काही हजारांत एक असते. कारण एवढेच की, गावात फार पूर्वी येऊन वसलेल्या मोजक्या कुटुंबांत ते जनुक होते. शाप नव्हता, वंशावळ होती. त्या गावातले देवालय काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचे आहे. पिलाताने लोकांना दाखवलेला तो 'माणूस' तिथे पूजिला जातो.

माणूस कोणाला म्हणावे?

त्या 'माणूस' शब्दावरून आमच्या मनात आणखी एक अडचण उभी राहते. सेमिनरीत आम्हाला सहाव्या शतकातील बोएथियसची व्याख्या शिकवली : व्यक्ती म्हणजे बुद्धिमान स्वभावाचे स्वतंत्र अस्तित्व. आम्ही ती पाठ करून परीक्षेत गुण मिळवले. पण या मुलासमोर बसल्यावर ती टोचू लागते. बुद्धी हीच व्यक्तीची खूण असेल, तर ज्याची बुद्धी अडली त्याचे काय? तो कमी माणूस?

नीट पाहिले तर व्याख्येत 'स्वभाव' म्हटले आहे, 'कर्तबगारी' नव्हे. झोपलेला माणूस विचार करत नाही, तान्हे बाळ हिशेब करत नाही, म्हातारपणी आपल्यापैकी अनेक जण आपल्याच मुलांची नावे विसरतील. बुद्धीचे माप लावून माणूसपण ठरवायचे, तर आयुष्याच्या दोन्ही टोकांना आपण सारेच नापास. आणि उत्तीर्ण होण्याचे गुण ठरवणार कोण? ज्यांच्या हाती सत्ता असेल ते. विसाव्या शतकात जर्मनीत नाझी राजवटीने ते ठरवले, तेव्हा हजारो अपंगांना इस्पितळांतून नेऊन मारले. १९४१ साली म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी वेदीवरून त्याचा उघड निषेध केला. ते विसरून चालणार नाही.

मग काही जण विचारतात, मुलगा आहे तसा पूर्ण माणूस आहे, तर हे संशोधन कशाला? कारण शोधणे म्हणजेच त्याला बिघडलेला ठरवणे नव्हे काय? आम्हाला तसे वाटत नाही. नॉर्वेमध्ये १९३४ साली एका आईने आपल्या दोन अपंग मुलांच्या लघवीला येणाऱ्या विचित्र वासाचा ध्यास घेतला. डॉ. फेलिंग यांनी तिचे ऐकले आणि त्यातून फेनिलकीटोन्यूरिया या आनुवंशिक विकाराचा शोध लागला. पुढे १९५० च्या दशकात त्यावर विशिष्ट आहाराचा उपाय सापडला, नंतर टाचेतील रक्ताच्या थेंबाची सोपी तपासणी आली. आज वेळीच निदान झालेली अशी बाळे चारचौघांसारखी वाढतात. त्या आईने "देवाची इच्छा" म्हणून प्रश्न मिटवला नाही, हे बरे झाले. आम्ही मात्र आमच्या धर्मग्रामात एका आईचा प्रश्न त्याच शब्दांनी मिटवला होता. या मुलाच्या विकारावर अजून मूळ दुरुस्त करणारे औषध नाही. उंदरांवर आशा दाखवणारी औषधे २०१४ च्या सुमारास माणसांवरील मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली. पण कारण कळल्यामुळे त्याला वाचा-उपचार, शांत जागी शिकवणे आणि भीती कमी करणारे उपचार योग्य दिशेने देता येतात. स्वीकार आणि शोध यांचे वैर नाही.

मात्र याच ज्ञानाला दुसरे टोकही आहे. पॅरिसमध्ये १९५९ साली डॉ. ज्येरोम लेज्यून यांनी मार्थ गोतिए आणि रेमाँ तुर्पँ यांच्यासह डाऊन सिंड्रोमचे कारण, म्हणजे एकविसावे जादा गुणसूत्र, जगासमोर मांडले. त्यांना त्या मुलांवर उपचार शोधायचा होता. पुढे त्याच ज्ञानाच्या आधारे ती मुले जन्माआधीच शोधून नाहीशी केली जाऊ लागली. लेज्यून यांनी त्याविरुद्ध आयुष्यभर आवाज उठवला, त्याची किंमत मोजली आणि १९९४ च्या पुनरुत्थानाच्या रविवारी देह ठेवला. ख्रिस्तसभेने २०२१ साली त्यांना 'आदरणीय' घोषित केले. एकच चाचणी सेवेसाठी वापरता येते आणि संहारासाठीही. गर्भतपासणी बाळाच्या काळजीसाठी असेल तर ख्रिस्तसभेचा तिला विरोध नाही. १९८७ च्या 'दोनुम वितै' या पत्रकात ते स्पष्ट केले आहे. विरोध आहे तो बाळालाच उपाय म्हणून काढून टाकण्याला.

पण हे वेदीवरून सांगणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी, आणि ऐकणाऱ्या आपण सर्वांनी, एक लक्षात ठेवावे. ज्या आईला आपण "हे बाळ जन्माला येऊ दे" म्हणतो, तिच्या दारी नंतर आपण गेलो नाही, तर आपला उपदेश फुकटचा आहे.

कळल्यानंतरची जबाबदारी

त्या घरातली गोष्ट अजून संपलेली नाही. आईची सख्खी बहीण दुसऱ्या तालुक्यात दिली आहे. आजोबा खरोखर वाहक असतील, तर ती मावशीही वाहक आहे. तिच्या मुलीच्या लग्नाच्या गोष्टी सुरू आहेत. सांगावे तर सोयरीक मोडेल. न सांगावे तर उद्या तिच्या पदरात काय येईल, हे तिला माहीत असण्याचा हक्क आपण हिरावून घेतो. आई महिनोन्‌महिने घुटमळली. आम्हीही घाईने सल्ला दिला नाही. पण विचारल्यावर आमचे मत सांगितले : जे ज्ञान दुसऱ्याच्या आयुष्याचे आहे, त्याचे आपण केवळ राखणदार असतो. ते त्याच्यापर्यंत पोहोचवावे. मात्र ते चौकात नाही, त्याच्या कानात पोहोचवावे. वराकडच्यांना काय व केव्हा सांगायचे, ते त्या मुलीने ठरवावे. पण लग्नाआधी ठरवावे. फसवणुकीच्या पायावर विवाह उभा राहत नाही, हे ख्रिस्तसभेचा कायदाही मानतो.

नाताळनंतर आई बहिणीकडे गेली. पहिल्या दिवशी बहिणीने विषय काढू दिला नाही. दुसऱ्या दिवशी तिने वडिलांच्या थरथरत्या हातांची गोष्ट सांगितली, तेव्हा दोघी बहिणी मिळून रडल्या. तपासणी करायची की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. या घरातील धाकटी मुलगी अजून सज्ञान नाही. ती सज्ञान होऊन स्वतः ठरवीपर्यंत तिची तपासणी करू नये, असा सल्ला मिळाला. तो आम्हाला पटला.

आपल्या सर्वांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. मामेबहीण-आतेभाऊ लग्ने आपल्याकडे सर्रास होतात. फ्रॅजाइल एक्सचा त्याच्याशी संबंध नाही, पण इतर अनेक आनुवंशिक विकारांचा धोका अशा लग्नांत वाढतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही सख्ख्या आते-मामे-चुलत भावंडांच्या विवाहाला अडथळा मानला आहे. त्याची सूट मागायला येण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. मूल मागे पडत असेल तर लपवू नका, जिल्हा रुग्णालयात दाखवा. बौद्धिक अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. दिव्यांगांचे ओळखपत्र काढून घ्या. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' आरोग्य विमा मिळतो आणि सज्ञान झालेल्या अशा मुलासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. "आमच्या माघारी याचं कोण?" ही भीती प्रत्येक अशा आईबापाला असते. कागदपत्रे तिचे अर्धे उत्तर देतात. उरलेले अर्धे उत्तर धर्मग्रामाने द्यायचे असते.

आम्ही त्या आईची क्षमा मागितली. "देवाची इच्छा" हे शब्द आम्ही तिचे ऐकणे टाळण्यासाठी वापरले होते. ती हसून म्हणाली, "तुमाले तरी कुठं मालूम होतं, फादर?" ज्ञान नसल्याने घडलेल्या गोष्टीचा दोष तिने आम्हाला दिला नाही. जे आम्ही तिला शिकवू पाहत होतो, ते तिला आधीच येत होते.

आता मिस्सामध्ये तो मुलगा मागच्या दारापाशी बसतो. वेदीसेवकांनी घंटी थोडी हळू वाजवायचे ठरवले आहे. पुढच्या रविवारी तो दिसला, तर त्याच्या आईकडे पाहून कुजबुजू नका. जवळ जा, तिचे क्षेमकुशल विचारा आणि त्याला नावाने हाक मारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढे थांबा.

प्रभू आपणां सर्वांना दोष शोधणाऱ्या डोळ्यांऐवजी माणूस पाहणारे डोळे देवो. आमेन.